वर्णावरून द्रव्याची परीक्षा

आर्क्टिक किनाऱ्याजवळील पाण्यात विरघळलेल्या सेंद्रिय द्रव्याचे निरीक्षण उपग्रहांमुळे सुकर झाले, हे निर्विवाद होय. तथापि उपग्रहास दिसतो तो पाण्याचा वर्ण, कार्बन नव्हे. लेना नदी लापतेव समुद्रात जे पिंगट द्रव्य आणते, ते हरितद्रव्याप्रमाणेच निळा प्रकाश शोषते. त्यामुळे निळ्या-हिरव्या प्रकाशाच्या गुणोत्तरावर आधारलेली सूत्रे तेथे हरितद्रव्य वाजवीपेक्षा अधिक दाखवितात. २०१६ साली सोडलेल्या सेंटिनेल-३ वरील उपकरणाच्या २१ वर्णपट्ट्यांमुळे हा दोष सौम्य होतो. काळाचा आक्षेप मात्र उरतोच. वर्षभरातील द्रव्याचा मोठा वाटा मे-जूनच्या महापुरात येतो आणि नेमके तेव्हाच बर्फ व ढग दृष्टी अडवितात. निरभ्र उन्हाळी चित्रांची सरासरी ही वर्षाची सरासरी नव्हे. यास्तव महापुरातील जलनमुन्यांची जोड नसलेला नकाशा प्रमाण मानता येत नाही.