गरज, लायकी आणि निवड : अमेरिकेची आरोग्यव्यवस्था कुठे चालली आहे?

हा विषय सुचवला गेला तेव्हा मी आयोजकांना म्हटलं, माझ्या नावामागे 'डॉक्टर' आहे तो तत्त्वज्ञानातला, माझ्याकडे कोणी खोकला घेऊन येत नाही. ते म्हणाले, म्हणूनच तुम्ही बोला. आता तुमच्यापैकी अनेकांची मुलंबाळं तिकडे आहेत. तिकडे जाताना काढलेल्या विम्याच्या कागदावर 'आधीपासून असलेला आजार' हे शब्द वाचून आपण निमूटपणे बीपीच्या गोळ्यांची पिशवी भरतो. तेव्हा विषय अगदीच परका नाही.

आकडे थोडक्यात सांगतो. २०२३ साली अमेरिकेने आरोग्यावर सुमारे ४.९ लाख कोटी डॉलर खर्च केले, म्हणजे त्यांच्या सकल उत्पादनाच्या १७.६ टक्के. त्याच वर्षी तिथलं सरासरी आयुर्मान होतं ७८.४ वर्षं. पश्चिम युरोपातले बहुतेक देश याहून पुष्कळ कमी खर्चात ऐंशी ओलांडून गेलेले आहेत. हे सगळे सांगतात, मीही सांगितलं. मला बोलायचंय ते वेगळ्या गोष्टीबद्दल. गेल्या वर्षभरात तिथे जे बदल झाले त्यांत पैशाइतकंच समर्थनही बदललं आहे. उपचार कुणाला मिळावा आणि का, या प्रश्नाला दिलं जाणारं कारणच बदललं आहे.

बर्नार्ड विल्यम्स हा इंग्रज तत्त्वज्ञ. १९६२ साली समतेवर त्याने एक निबंध लिहिला. त्यात तो म्हणतो की प्रतिबंधक वैद्यक बाजूला ठेवलं, तर वैद्यकीय सेवेच्या वाटपाचा योग्य आधार एकच, आजारपण. जो आजारी त्याला औषध. यात पटवून देण्यासारखं काही नाही, औषध म्हणजे काय ते ज्याला कळतं त्याला हेही कळतं. बारा वर्षांनी, १९७४ मध्ये, हार्वर्डच्या रॉबर्ट नॉझिकने त्याला कोंडीत पकडलं. नॉझिक विचारतो, मग न्हाव्याचं काय? ज्याचे केस जास्त वाढलेत त्याचेच आधी कापावेत, असा दंडक न्हाव्यावर आहे का? तो आपल्या मर्जीने गिऱ्हाईक निवडतो. मग डॉक्टरने काय घोडं मारलंय? त्याचं कौशल्य त्याचं आहे, ते कुणाला विकायचं ते त्याने ठरवावं.

हा युक्तिवाद मी वर्गात बरीच वर्षं शिकवला, आणि दरवर्षी मुलं आधी हसायची, मग गप्प व्हायची. कारण तो बिनतोड वाटतो. पण अमेरिकेचा इतिहास उघडला की त्याचा सांधा दिसतो. तिथला डॉक्टर नॉझिकच्या न्हाव्यासारखा स्वयंभू नाहीच. १९४६ च्या हिल-बर्टन कायद्याने सरकारी पैशातून इस्पितळं उभी राहिली. १९६५ ला मेडिकेअर आलं, आणि तेव्हापासून शिकाऊ डॉक्टरांच्या प्रशिक्षणाचा मोठा भार ते उचलत आलं आहे. नोकरीतून मिळणारा विमा करमुक्त, हे १९५४ च्या कायद्यात पक्कं झालं. ज्याला ते 'बाजार' म्हणतात त्याच्या पायात सरकारी चुना आणि विटा आहेत. आणि १९८६ मध्ये, रेगन यांच्या सहीने, कायदा झाला की इमर्जन्सीत आलेल्या माणसाला तपासल्याशिवाय आणि स्थिर केल्याशिवाय परत पाठवायचं नाही, खिशात पैसे असोत वा नसोत. म्हणजे विल्यम्सचं म्हणणं अमेरिकेने कबूल केलंय, पण फक्त इमर्जन्सीच्या दारापर्यंत. किडनी निकामी होऊन पडलात तर आत घेतील. ती निकामी होऊ नये म्हणून लागणारी मधुमेहाची गोळी मात्र तुमची तुम्ही बघा.

किडनीवरून सिअॅटलची गोष्ट सांगतो. १९६० च्या सुमारास तिथे बेल्डिंग स्क्रिब्नर या डॉक्टरने दीर्घकालीन डायलिसिस शक्य केलं. यंत्रं मोजकी, रुग्ण पुष्कळ. मग सात सामान्य नागरिकांची एक समिती नेमली गेली. यंत्र कुणाला द्यायचं ते तिने ठरवायचं. १९६२ मध्ये 'लाइफ' साप्ताहिकात त्या समितीवर लेख आला आणि देश हादरला. समिती काय बघत होती? लग्न झालंय का, मुलं किती, नोकरी कसली, उत्पन्न किती, चर्चला जातो का. माणसं वाईट नव्हती हो. त्यांच्यापुढे दुर्भिक्ष होतं आणि निवाडा करणं भाग होतं. पण गरज सगळ्यांचीच सारखी असल्यावर त्यांनी नकळत दुसरी फूटपट्टी उचलली, लायकीची. लोकांना ते पाहवलं नाही. १९७२ मध्ये काँग्रेसने कायदा करून किडनी निकामी झालेल्या जवळजवळ सर्वांना, वय काहीही असो, मेडिकेअरखाली आणलं. अमेरिकेच्या इतिहासातला हा मला फार मोलाचा क्षण वाटतो. लायकीची फूटपट्टी हातात घेऊन बघितली, तिचा चटका बसला आणि खाली ठेवली.

२०२५ मध्ये ती पुन्हा उचलली गेली. ४ जुलैला ट्रम्प यांनी सही केलेल्या कायद्यानुसार, मेडिकेडच्या विस्तारात आलेल्या १९ ते ६४ वयाच्या प्रौढांना महिन्याला ८० तास काम, शिक्षण किंवा समाजसेवा केल्याचं दाखवावं लागेल. १ जानेवारी २०२७ पर्यंत राज्यांनी हे लागू करायचं आहे. दर सहा महिन्यांनी पात्रता पुन्हा तपासली जाईल. एकूण कायद्यामुळे २०३४ पर्यंत सुमारे एक कोटी माणसं विम्याबाहेर जातील, असा अंदाज काँग्रेसच्याच अर्थसंकल्प कार्यालयाने दिला आहे.

समर्थक म्हणतात, धडधाकट माणसाने काम करावं, यात चूक काय? मी म्हणतो, काहीच चूक नाही. पण इथे दोन वाक्यं एकमेकांत मिसळली आहेत. 'धडधाकट माणसाने काम करावं' हे एक. 'काम केल्याचं सिद्ध न करणाऱ्याला औषध देऊ नये' हे दुसरं. पहिल्यातून दुसरं निघत नाही. मधला दुवा कुणी सांगतच नाही.

आणि प्रत्यक्षात काय होतं ते आर्कान्सासने दाखवलंय. २०१८ मध्ये तिथे हीच अट आणली, ८० तासांचीच. काही महिन्यांत १८ हजारांहून अधिक माणसांचा विमा गेला. ही काय आळशी माणसं होती? पुढे झालेल्या अभ्यासात दिसलं की ज्यांना ही अट लागू होती त्यांतले ९५ टक्क्यांहून अधिक लोक एक तर काम करतच होते किंवा सवलतीस पात्र होते. रोजगार वाढलाही नाही. मग विमा कशाने गेला? नोंदीने. तास ऑनलाइन भरायचे होते, आणि सुरुवातीला ते संकेतस्थळ रात्री नऊ ते सकाळी सात बंद असायचं! दुकान बंद करून घरी आलेल्या माणसाने तास भरायचे कधी? मार्च २०१९ मध्ये न्यायालयाने ती अट थांबवली.

नव्या कायद्यात आजारी, अशक्त माणसांना सूट आहे, हे मान्य. पण ती सूट मिळवायला आजारी असल्याचं दाखवावं लागेल. ते बहुधा डॉक्टरच्या कागदावर. डॉक्टरकडे जायला कार्ड लागतं. कार्ड टिकवायला सूट लागते. आपल्या न्यायशास्त्रात याला अन्योन्याश्रय दोष म्हणतात, 'अ' ची सिद्धी 'ब' वर आणि 'ब' ची 'अ' वर. तर्कात हा दोष दिसला की वादी हरतो. इथे बहुधा रोगीच हरतो.

दुसरा बदल अधिक निःशब्द. २०२१ पासून विम्याच्या हप्त्यांवर मिळणारं वाढीव अनुदान डिसेंबर २०२५ अखेर संपलं. त्यावरून ४३ दिवस सरकार ठप्प होतं, तरी संपलंच. इथे कुणालाही अपात्र ठरवलेलं नाही, फक्त हप्ता वाढला. मग विमा सोडणाऱ्याबद्दल म्हणता येतं, त्याने स्वतःच सोडला. 'निवड' हा शब्द किती सोयीचा आहे बघा.

आता विल्यम्सकडे परत येऊ. त्याने एक गोष्ट बाजूला ठेवली होती, आठवतंय? प्रतिबंधक वैद्यक. ते त्याने योग्य ठिकाणी बाजूला ठेवलं, कारण तिथे 'जो आजारी त्याला औषध' हे सूत्र चालत नाही. लस निरोगी माणसाला देतात. १९८५ मध्ये जेफ्री रोझ या ब्रिटिश साथरोगतज्ज्ञाने याचं मर्म सांगितलं. खूप धोका असलेल्या थोड्या माणसांपेक्षा, थोडाच धोका असलेल्या असंख्य माणसांतून रोगी अधिक निघू शकतात. म्हणून जे समाजाला फार उपयोगी, ते प्रत्येक व्यक्तीला मात्र फारसं उपयोगी वाटत नाही. सार्वजनिक आरोग्याचं सगळं दुखणं या एका वाक्यात आहे.

हिपॅटायटिस बीचं उदाहरण घ्या. १९८२ पासून अमेरिकेत ही लस धोक्यातल्या गटांना द्यावी असं ठरलं. ऐकायला अगदी तर्कशुद्ध. पण रोग हटला नाही, कारण अनेक रोग्यांमध्ये ठरलेला कुठलाच धोका सापडत नव्हता. १९९१ मध्ये सर्व तान्ह्या बाळांना लस देण्याचं धोरण आलं आणि मुलांमधला हा संसर्ग जवळपास नाहीसा झाला. जन्माच्या वेळी विषाणू शिरला तर दहांतल्या नऊ बाळांत तो कायमचा ठाण मांडतो, म्हणून पहिला डोस जन्मतःच. डिसेंबर २०२५ मध्ये सीडीसीच्या सल्लागार समितीने ठराव केला की ज्या आईची चाचणी निगेटिव्ह आहे तिच्या बाळाबाबत हा 'व्यक्तिगत निर्णय' असावा. म्हणजे धोका पाहून द्या. १९८२ चंच तत्त्व, नव्या वेष्टनात. ही समितीही नवी. जून २०२५ मध्ये आरोग्यमंत्री रॉबर्ट केनेडी ज्युनिअर यांनी आधीच्या सगळ्या १७ सदस्यांना एका फटक्यात काढलं होतं. त्याच वर्षी टेक्सासमध्ये गोवराच्या साथीत लस न घेतलेली दोन मुलं दगावली. २००० साली अमेरिकेने गोवर संपल्याचं जाहीर केलं होतं.

आता केनेडींच्या बाजूचं जे बळकट आहे ते मांडलं पाहिजे, नाहीतर ही टीका न होता नुसती ओरड होईल. एक, दीर्घकालीन आजार आणि निकस खाणं यांवर ते बोट ठेवतात, ते बरोबर आहे. फक्त त्या विषयावरच्या मे २०२५ च्या सरकारी अहवालात अस्तित्वातच नसलेले शोधनिबंध संदर्भ म्हणून सापडले. माझ्या विद्यार्थ्याने असं केलं असतं तर प्रबंध परत गेला असता. दुसरा मुद्दा जास्त खोल आहे. सार्वजनिक आरोग्याच्या नावाने सत्तेने गैरवापर केलेला आहे. १९०५ मध्ये जेकबसन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सक्तीची देवीची लस वैध ठरवली, दंड होता पाच डॉलर. १९२७ मध्ये त्याच निकालाचा आधार घेऊन न्यायमूर्ती होम्स यांनी व्हर्जिनियात एका तरुण स्त्रीची सक्तीची नसबंदी वैध ठरवली. टस्कीगीमध्ये १९३२ पासून चाळीस वर्षं सिफिलिस झालेल्या कृष्णवर्णीय पुरुषांना उपचाराविना नुसतं पाहत राहिले. हे ज्यांना ठाऊक आहे त्यांचा अविश्वास मूर्खपणाचा नाही.

पण अविश्वासाचा अर्थ काय काढायचा? टस्कीगीची माणसं लुबाडली गेली ती त्यांच्यापासून माहिती आणि औषध दोन्ही लपवून. त्यावर इलाज म्हणजे माहिती उघड करणं, समितीला जाब विचारता येणं. तज्ज्ञच काढून टाकून पालकाला 'आता तुमचं तुम्ही ठरवा' म्हणणं हा इलाज कसा? ज्याच्यापुढे विश्वासार्ह माहितीच ठेवली नाही त्याने केलेल्या कृतीला निवड म्हणायला मी तयार नाही. जॉन स्टुअर्ट मिलसुद्धा तयार झाला नसता. आणि त्याचं स्वातंत्र्याचं तत्त्व प्रौढ माणसाबद्दल आहे, तान्ह्या बाळाबद्दल नाही.

सध्या राज्यं आपापली वाट धरू लागली आहेत. कॅलिफोर्निया, ओरेगन, वॉशिंग्टन आणि हवाई यांनी सप्टेंबर २०२५ मध्ये लसींच्या शिफारशींसाठी स्वतःची आघाडी केली. त्याच महिन्यात फ्लॉरिडाने शाळेसाठीची लसींची सक्तीच उठवण्याचा मनोदय जाहीर केला. सधन पालक वर्तमानपत्र वाचून, ओळखीच्या डॉक्टरला विचारून, खिशातून पैसे देऊन लस टोचून घेतील. पण अमेरिकेतल्या जवळपास निम्म्या मुलांना लसी मिळतात त्या केंद्राच्या मोफत कार्यक्रमातून. १९८९ ते ९१ च्या गोवराच्या साथीनंतर तो सुरू झाला, कारण तेव्हा आजारी पडलेली कित्येक मुलं डॉक्टरकडे जात होती, तरी लस मिळालेली नव्हती. त्या कार्यक्रमात कोणती लस असेल ते ठरतं याच सल्लागार समितीच्या मतदानाने. गरीब पालकाची 'निवड' त्या टेबलावर होते, आणि तिथे तो नसतो.

वेळ झाली. आता प्रश्न घेऊ, आणि ज्यांची मुलं तिथल्या इस्पितळांत काम करतात त्यांनी आधी विचारावं.