प्राप्त्याशेत अडकलेली कथा : ‘शेनमू’ मालिका आणि पुढील भागाची प्रतीक्षा

प्रस्तावना :
संस्कृत नाट्यविचारात नायकाच्या कार्याच्या आरंभ, यत्न, प्राप्त्याशा, नियताप्ती आणि फलागम अशा पाच अवस्था सांगितल्या आहेत. विघ्ने असूनही फळ मिळण्याची शक्यता दिसू लागते ती प्राप्त्याशा. फळप्राप्तीचा निश्चय होतो ती नियताप्ती. ‘शेनमू’ या जपानी व्हिडिओ गेम मालिकेची कथा यांपैकी तिसऱ्या अवस्थेतच थांबलेली आहे. तिच्या तिसऱ्या भागाची चाहत्यांनी अठरा वर्षे वाट पाहिली. ही आशा नेमकी कशाची होती, याचा शोध प्रस्तुत लेखात घेतला आहे.

प्रतीक्षेचे स्वरूप :
यू सुझुकी यांच्या दिग्दर्शनाखाली सेगा कंपनीने ‘शेनमू’चा पहिला भाग १९९९ मध्ये जपानमध्ये प्रसिद्ध केला. १९८६ साली योकोसुका येथे रियो हाझुकी या तरुणासमोर लान दी त्याच्या वडिलांची हत्या करतो. सूडाची ही कथा वेगवान असेल असे वाटते. पण प्रत्यक्षात ती विलक्षण संथ आहे. दुकाने ठराविक वेळी उघडतात, रात्र झाली की रियोला घरी परतावे लागते, बंदरावर फोर्कलिफ्ट चालवून तो पैसे मिळवतो. खेळणाऱ्याला येथे वाट पाहावीच लागते. मात्र त्या प्रतीक्षेला दिशा आहे : प्रत्येक विचारपूस त्याला मारेकऱ्याच्या एक पाऊल जवळ नेते.

२००१ मधील दुसरा भाग रियोला हाँगकाँगमार्गे ग्वेलिन परिसरात आणतो आणि एका गुहेत, रहस्य उलगडण्याच्या क्षणीच थांबतो. त्याच वर्षी सेगाने ड्रीमकास्ट यंत्राचे उत्पादन बंद केले. कथा अपुरी राहिली. आशा मात्र टिकून राहिली.

आशापूर्ती की पुनर्भेट?
जून २०१५ मध्ये किकस्टार्टरवरून लोकवर्गणीचे आवाहन झाले. उद्दिष्ट २० लाख डॉलरचे होते. ६९ हजारांहून अधिक वर्गणीदारांनी ६३ लाखांहून अधिक डॉलर दिले. येथे रसिकाची भूमिका बदलली. कलाकृती निर्माण होण्यापूर्वीच तिचे मोल चुकवणारा रसिक एका अर्थाने तिचा धनको ठरतो.

नोव्हेंबर २०१९ मध्ये तिसरा भाग आला. बाईलू हे खेडे, शेनहुआची सोबत, किरकोळ कामे, घरोघरची चौकशी हे सारे पूर्वीप्रमाणेच होते. जुन्या सुहृदाची पुनर्भेट व्हावी, ही आशा त्याने प्रामाणिकपणे पूर्ण केली. परंतु लान दीशी गाठ पडूनही रियो पराभूत होतो आणि कथा पुन्हा पुढील भागावर ढकलली जाते. रसिकांच्या मनात दोन आशा एकत्र नांदत होत्या : पुनर्भेटीची आणि फलागमाची. पहिली पुरी करण्याच्या भरात दुसरीकडे दुर्लक्ष झाले. पहिल्या भागात संथपणा हे अर्थपूर्ण मूल्य होते, कारण तो शोधाचा भाग होता. तिसऱ्या भागात तो बहुतांशी स्मरणरंजन बनतो. मर्यादित निधी हे त्याचे एक कारण म्हणता येईल. परंतु कथेचे कोणते वळण आधी गाठावे, हा निर्णय अखेर कथनकाराचाच असतो.

समारोप :
२०२५ साली ब्रिटनमधील बाफ्टा संस्थेने घेतलेल्या जनमत चाचणीत ‘शेनमू’ सर्वांत प्रभावशाली व्हिडिओ गेम ठरला. यावरून या मालिकेविषयीचा जिव्हाळा ओसरलेला नाही, हे स्पष्ट होते. चौथ्या भागाची अपेक्षाही याच जिव्हाळ्यातून येते. मात्र अपूर्णतेचे सौंदर्य आणि अपुरे ठेवलेले वचन यांत भेद करणे आवश्यक आहे. पहिले कलाकृतीच्या अंतर्गत गरजेतून जन्मते, दुसरे रसिकाच्या निष्ठेवर जगते. चौथा भाग आलाच, तर तो नियताप्तीकडे वाटचाल करतो की नाही, हाच त्याच्या मूल्यमापनाचा निकष असावा. जी कथा आशा जागवते, तिच्यावर फळाचे ऋण असतेच.