सडा, कौल आणि कॅमेरा

जिवंत श्रद्धाव्यवस्थेचे दृश्यांकन हा तपशिलाच्या अचूकतेपेक्षा दृष्टिस्थानाचा प्रश्न असतो. नॉर्स दैवतांची उपासना आज नव्याने करणाऱ्यांचे उदाहरण या संदर्भात उद्बोधक ठरते. आइसलँडमध्ये त्यांच्या संघाला १९७३ साली शासकीय मान्यता मिळाली. तरीही माध्यमे त्यांना बहुधा शिंगांच्या शिरस्त्राणाशी जोडतात. ही प्रतिमा उपासनेतून आलेली नाही. १८७६ साली बायरॉइट येथे सादर झालेल्या वाग्नरच्या संगीतिकांसाठी डोप्लर यांनी आखलेल्या वेशभूषेने ती रूढ केली. प्रेक्षकाच्या अपेक्षेने उपासकाला रूप दिले.

कोकणातील गावऱ्हाटीच्या माथीही अशीच उसनी शिरस्त्राणे आली आहेत. २०१६ साली झी मराठीवर सुरू झालेल्या ‘रात्रीस खेळ चाले’ या मालिकेने कोकणी घर भय आणि अपमृत्यू यांच्या संकेतव्यवस्थेत बसवले. याउलट २०२२ च्या ‘कांतारा’ या कन्नड चित्रपटाने तुळुनाडूतील भूताराधना भूमिहक्काच्या प्रश्नाशी जोडली, हे त्याचे महत्त्व. परंतु तेथेही दैवत पूर्णत्वाने प्रकटते ते हिंसेच्या उत्कर्षबिंदूवर. भय काय किंवा भव्यता काय, दोहोंतून संवाद वगळला जातो. गावऱ्हाटीत देवाशी बोलले जाते. मानकरी गाऱ्हाणे घालतो, जमलेले लोक ‘होय महाराजा’ म्हणून दुजोरा देतात, कौल उजवा येतो की डावा याची वाट पाहिली जाते. ही प्रतीक्षा संकलनात कापली की निर्णयप्रक्रिया लोपते आणि केवळ चमत्कार उरतो. त्याबरोबरच मान कोणाला आणि उंबऱ्याबाहेर कोण, हा सत्तासंबंधही दृष्टीआड होतो.

राजापूर तालुक्यात हा प्रश्न अधिक टोकदार होतो. बारसू, कशेळी, देवाचे गोठणे, देवीहसोळ येथील कातळशिल्पे २०२२ साली युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत आली. त्यांची सर्वपरिचित प्रतिमा ड्रोनने टिपलेली आहे. कशेळीचा सुमारे अठरा मीटरांचा हत्ती वरून एका नजरेत मावतो. जांभ्यावर उभ्या असलेल्या माणसाला मात्र तो चालत चालत, तुकड्यातुकड्यांनी गवसतो. ही शिल्पे कोणी, कोणत्या श्रद्धेने कोरली हे अज्ञात आहे. आजच्या गावदेवाशी त्यांचे सलग नाते गृहीत धरता येत नाही. परंतु देवीहसोळला शिल्प आर्यादुर्गेच्या मंदिरानजीक आहे, म्हणजे वर्तमान उपासनेच्या परिसरात आहे. आकाशातून घेतलेल्या चौकटीत आकृती उरते, परिसर उरत नाही.

याचे परिणाम केवळ सौंदर्यशास्त्रीय नाहीत. एप्रिल २०२३ मध्ये नियोजित तेलशुद्धीकरण प्रकल्पासाठी बारसूच्या सड्यावर पोलीस बंदोबस्तात मातीपरीक्षण सुरू झाले आणि ग्रामस्थांनी विरोध केला. प्रकल्पाच्या इष्टानिष्टतेचा निवाडा करणे हे समीक्षेचे काम नव्हे. ‘ओसाड सडा’ या शब्दप्रयोगाची तपासणी मात्र तिच्या कक्षेत येते. ज्या भूमीवरील गुरचराई, वाटा आणि देवाच्या हद्दी कधी चित्रित झाल्या नाहीत, ती भूमी रिकामी ‘दिसते’. आणि जे रिकामे दिसते, ते मोकळे मानले जाते.

म्हणून सुधारित दृश्यांकनाची कसोटी वेशभूषा किंवा विधी बिनचूक असणे एवढीच असू शकत नाही. कॅमेरा माणसाच्या उंचीवर उतरतो का, कौल मिळेपर्यंत थांबतो का, आणि गाऱ्हाणे घालणाऱ्याचे बोलणे निवेदकाच्या आवाजाखाली दडपत नाही ना, हे पाहावे लागेल. तोवर कोकणचा देव पडद्यावर दिसत राहील. त्याच्याशी बोलणारे गाव मात्र दिसणार नाही.