याबेसची आई

बायबलच्या जुन्या करारात 'इतिहास' नावाची दोन पुस्तके आहेत. त्यांतल्या पहिल्याची सुरुवातीची नऊ प्रकरणे म्हणजे निव्वळ वंशावळ. ज्यांनी आपल्याकडचे कुलवृत्तांत चाळले आहेत त्यांना ही पाने परकी वाटणार नाहीत. अमक्याचा मुलगा तमका, तमक्याचे तिघे, त्या तिघांचे आणखी कितीतरी. चौथ्या प्रकरणात मात्र ही यादी एकाएकी थबकते आणि याबेस नावाचा माणूस पुढे येतो. त्याचा बाप कोण, मुले कोण, काही सांगितलेले नाही. तो भावांपेक्षा प्रतिष्ठित होता, आईने त्याला वेदनेत जन्म दिला म्हणून तिने त्याचे हे नाव ठेवले, आणि त्याने देवाकडे जे मागितले ते देवाने दिले. एवढेच. दोन वचनांत सारे आटोपते.

इतके किरकोळ पात्र, पण अमेरिकेत त्याचे चांगलेच बस्तान बसले. जुन्या करारातून नावे उचलणाऱ्या प्युरिटन मंडळींनी हेही नाव उचलले. आपल्या पार्सिपनीहून फार लांब जायला नको. शेजारच्या मॉरिसटाउनला स्कायलर-हॅमिल्टन हाउस नावाचे छोटे संग्रहालय आहे. 1780 मध्ये अलेक्झांडर हॅमिल्टन एलिझाबेथ स्कायलरसाठी ज्या घरी खेटे घालत होता, ते हे घर. घरमालक डॉक्टर होते आणि त्यांचे नाव जेबेझ कॅम्पफील्ड. याबेसचा इंग्रजीत जेबेझ होतो. पाहुणे हॅमिल्टनच्या प्रेमप्रकरणात रमतात. मी मात्र त्या नावापाशीच अडले. बाळाच्या पाळण्यावर 'वेदना' अशी पाटी लावावी, तसलेच हे!

या नावाला खरा बाजारभाव आला तो 2000 साली. ब्रूस विल्किन्सन यांचे 'द प्रेयर ऑफ जेबेझ' हे पुस्तक निघाले आणि त्याच्या लाखो प्रती खपल्या. शंभर पानेही नाहीत. याबेसने चार गोष्टी मागितल्या: आशीर्वाद दे, माझी सीमा वाढव, तुझा हात माझ्याबरोबर असू दे, आणि वाइटापासून मला राख. ही प्रार्थना रोज म्हणा, महिनाभर म्हणून बघा, असा लेखकाचा सांगावा. 'सीमा' म्हणजे काय, तर ज्याचे त्याने ठरवावे; शेअरबाजारातल्या माणसाने गुंतवणूक वाढू दे म्हटले तरी चालेल. आपल्या व्रतकथांची सवय असल्यामुळे मला याचे फारसे नवल वाटले नाही. उतू नका, मातू नका, एवढे मात्र इथे कुणी बजावत नाही.

लेखकावर अन्याय नको. नावाचा अर्थ त्यांनी लपवलेला नाही. पण त्यांच्या लेखी तो अर्थ म्हणजे मुलाच्या वाटेतली धोंड, जिच्यावरून उडी मारून तो पुढे गेला. ज्या बाईला वेणा झाल्या तिच्याकडे वळून बघायला त्यांना वेळ नाही. गंमत म्हणजे तालमुद रचणाऱ्या ज्यू पंडितांनीही निराळ्या वाटेने हेच केले होते. त्यांनी 'सीमा' म्हणजे शिष्यवर्ग असा अर्थ लावला. तो मला शेअरबाजारापेक्षा कितीतरी भावतो. पण नावाची फोड करताना त्यांनीही वेदना बाजूला सारली आणि 'ज्याने सल्ला दिला आणि विद्या वाढवली तो' अशी व्युत्पत्ती बसवली. दीड हजार वर्षांच्या अंतरावरचे हे दोन वाचक, आणि दोघेही आईला ओलांडून गेले.

मूळ हिब्रू मात्र तिला सोडत नाही. वेदनेच्या धातूत आयिन, त्सादे, बेत ही अक्षरे याच क्रमाने येतात. एदेन बागेतून निघताना हव्वेला जी प्रसूतीची यातना सांगितली गेली, तिथेही हाच धातू आहे. याबेसच्या नावात मात्र शेवटच्या दोन अक्षरांची अदलाबदल झाली आहे. नावात वेदना आहे, पण थोडी मोडून. आणि प्रार्थनेचा अगदी शेवटचा शब्द पुन्हा त्याच धातूचा, तोही सरळ क्रमाने: वाइटाने मला वेदना होऊ नये. विल्किन्सन यांनी वापरलेल्या इंग्रजी भाषांतरात तिथे 'माझ्याकडून वेदना होऊ नये' असे आहे. अर्थ सुंदर आहे, पण मूळ शब्दाचा सरळ ओघ पहिल्या अर्थाकडे आहे. याबेस नाव बदलून मागत नाही. ते खरे ठरू नये, इतकेच मागतो.

हे आपल्याला परके नाही. मुले जगत नसली की दगडू, धोंडू, केरबा, भिकाजी अशी नावे ठेवायची. यमाने ऐकून नाक मुरडावे आणि पुढे जावे. हीदेखील अक्षरांची अदलाबदलच, माया उलटी करून लिहिलेली. पुढे अर्थ झिजून जातो. धोंडो केशव कर्व्यांना 1958 साली भारतरत्न मिळाले तेव्हा कुणाला धोंडा आठवला नाही, आणि पुण्याच्या सोन्याने मढलेल्या गणपतीला दगडूशेठांचेच नाव आहे.

नकुशा हे नाव या ओळीत बसत नाही. दिसायला तसेच, पण ते यमाला चकवण्यासाठी नसते. मुली पुरे, आता मुलगा दे, असा तो देवाला धाडलेला निरोप असतो, आणि तो ज्या कागदावर लिहायचा तो कागद म्हणजे ती मुलगी. ऑक्टोबर 2011 मध्ये साताऱ्यात जिल्हा परिषदेच्या पुढाकाराने अशा 285 मुलींना नवी नावे देण्यात आली. चांगले झाले. रोज हजेरीत 'नको' ऐकणाऱ्या पोरीला अर्थ झिजायची वाट बघ म्हणून सांगता येत नाही. पण याबेसची आई स्वतःचे दुखणे बोलली आणि ते ग्रंथात नोंदले गेले. नकुशाच्या आईला काय दुखत होते? नाव तिने ठेवले, की सासूने? नव्या दाखल्यावर तेवढी जागा नसते.

इथे आपण नावे निवडतो ती अर्थाच्या कोशातून: प्रकाश, लाट, पहाट, शिवाय बालवाडीतल्या टीचरला उच्चारता येईल असे. इस्पितळातला फॉर्म बारशापर्यंत थांबत नाही, त्यामुळे घाईही असते. आईला त्या रात्री काय झाले, हे कुठल्याच कोशात सापडत नाही.

याबेसच्या आईचेही नाव बायबलात नाही. त्याची प्रार्थना संपते, देव देतो, आणि पुढच्याच वचनात कलूब, त्याचा मुलगा, त्याचा नातू अशी यादी पुन्हा सुरू होते.