जाणतेपणाची नोंद : बहिणाबाईंची कविता आणि शेतकरी स्त्री

मराठीत 'शेतकरी' या शब्दाचे स्त्रीलिंगी रूप 'शेतकरीण' असे होते; परंतु रूढीने त्याचा अर्थ शेती करणारी असा न होता शेतकऱ्याची बायको असा झाला आहे. पाटलीण जशी पाटीलकी करीत नाही, तशी शेतकरीणही, निदान शब्दाच्या साक्षीने, शेती करीत नाही. 'कुणबीण' या शब्दाची हकीकत याहून शोचनीय आहे. पेशवेकालीन कागदपत्रांत कुणबीण म्हणजे दासी. विकत घेता येणारी, बक्षीस देता येणारी. एकाच मुळापासून निघालेल्या दोन शब्दांपैकी पुल्लिंगी शब्द जमीन कसणाऱ्याचा वाचक राहिला आणि स्त्रीलिंगी शब्द दास्याचे नाव झाला. शब्दांच्या इतिहासावरून समाजाविषयी भराभर निष्कर्ष काढण्याची सवय आपल्याकडे फार आहे, व ती घातक आहे. तरीही इतके निश्चित म्हणता येईल की, जिच्या कर्तृत्वाला भाषेने स्वतंत्र नाव ठेवले नाही, तिची नोंद वहीत सापडणे दुरापास्तच होय.

प्रस्तुत लेखाचा विषय ही वही नसून कविता आहे. शेतकरी स्त्रीच्या कार्याची दखल घ्यावी असे आज सर्वत्र म्हटले जाते. संयुक्त राष्ट्रांच्या महासभेने २०२४ साली ठराव करून २०२६ हे वर्षच शेतकरी स्त्रीच्या नावाने जाहीर केले. अशा वेळी मराठीच्या अभ्यासकांनी आपल्या घरातील एका ग्रंथाकडे पुन्हा पाहिले पाहिजे. तो ग्रंथ म्हणजे १९५२ साली प्रसिद्ध झालेला 'बहिणाबाईंची गाणी' हा संग्रह. आमचे म्हणणे थोडक्यात असे आहे : मराठी समीक्षेने बहिणाबाईंचा गौरव भरपूर केला, परंतु ज्या रीतीने केला तिच्यामुळे त्यांच्या कवितेतील शेतीचे ज्ञान झाकले गेले, आणि सरकारी दप्तरात शेतकरी स्त्रीचे जे झाले, तेच या कवितेचे समीक्षेत झाले.

बहिणाबाई चौधरी यांचा जन्म १८८० साली जळगावजवळच्या असोदे या गावी झाला. १९५१ साली त्या निवर्तल्या. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. तरुण वयात वैधव्य आले. शेतात आणि घरात काम करताना त्या गाणी रचीत, आणि त्यांतील जी उरली ती पुत्र सोपानदेव यांच्यामुळे कागदावर उतरली. आचार्य अत्रे यांच्या प्रस्तावनेने ती महाराष्ट्रासमोर आली. हा वृत्तान्त सर्वांस ठाऊक आहे, आणि तोच अडचणीचे कारण झाला आहे. कारण तो सांगून झाला की टीकाकाराच्या तोंडून एकच वाक्य निघते : निरक्षर असूनही केवढी प्रतिभा! या 'असूनही'त सारे आले. निरक्षरता म्हणजे अज्ञान असे गृहीत धरल्यावर कवितेतील प्रत्येक नेमकी गोष्ट चमत्कार ठरते, दैवी देणगी ठरते, आणि ती चाळीस पावसाळे रानात काढून मिळविलेली असू शकेल ही शक्यता कोणी विचारातच घेत नाही.

एक उदाहरण तपशिलाने घेऊ. 'देव अजब गारोडी' ही कविता परिचित आहे. बियाणे जमिनीच्या कुशीत झोपते, माती शालीसारखी वर पसरते, कोंब फुटतात, आणि एकेका कोंबातून जी दोन पाने प्रकटतात ती जोडलेल्या हातांसारखी दिसतात. या प्रतिमेचे विवेचन बहुधा भक्तिभावाच्या अंगाने होते : सृष्टीच ईश्वराला नमस्कार करीत आहे, इत्यादी. ते खोटे नाही. परंतु पाने दोनच का, हा प्रश्न विचारण्याचे कारण कोणास वाटलेले दिसत नाही. ज्वारीचा किंवा बाजरीचा कोंब जमिनीतून वर येतो तो एकच, सुईसारखा. त्यात हात जोडलेले दिसणे शक्य नाही. दोन दळे समोरासमोर उघडतात ती कपाशीची, मुगाची, उडदाची. म्हणजे द्विदल पिकांची. खानदेशची काळी जमीन कपाशीची, आणि कपाशीचे कोंब उगवल्यावर पहिल्या आठवड्यात जो ओळीत वाकून चालला असेल त्याला हे दृश्य हजारो वेळा दिसलेले असते. पुढे कवितेत दाण्यांची रास येते. तेव्हा कवयित्रीच्या डोळ्यांपुढे एखादे कडधान्य असावे, किंवा दोन पिकांची चित्रे एकत्र मिसळली असावीत. ते काहीही असो, प्रतिमेचा पाया निरीक्षणाचा आहे. 

येथे सौंदर्यवादी वाचक आक्षेप घेईल की, कविता म्हणजे शेतकीचे पाठ्यपुस्तक नव्हे. पानांची संख्या मोजून काव्याचे मूल्य ठरत नाही. मर्ढेकरांच्या 'सौंदर्य आणि साहित्य' (१९५५) या ग्रंथाच्या छायेत वाढलेल्या समीक्षेला ही सावधगिरी साहजिकच वाटणार. परंतु आमचा मुद्दा कवितेतून माहिती काढण्याचा नाही. दोनाऐवजी एक पान ठेवा : नमस्कार नाहीसा होतो, भजन नाहीसे होते, देव हा गारुडी ठरण्याचे कारणही उरत नाही. ज्ञान काढून घेतले तर प्रतिमा उभी राहत नाही, इतकेच आमचे म्हणणे आहे. 'मन' या कवितेचेही तसेच. चंचल मनाला वारा, माकड, घोडा अशा उपमा आपल्या परंपरेत शेकड्याने आहेत. बहिणाबाईंनी त्यास उभ्या पिकात शिरणाऱ्या ढोराची उपमा दिली. हुसकावलेले जनावर बांधापर्यंत जाते, वळून पाहते, आणि राखणदाराची पाठ फिरताच पुन्हा त्याच ओळीत तोंड घालते. हे ज्याने पीक राखले त्यालाच सुचावे. शिवाय त्या ढोराचा मालक बहुधा शेजारीच असतो, त्यामुळे त्याला फार मारताही येत नाही! मनाविषयीचे हे शहाणपण ग्रंथातून आलेले नाही.

पेरणीच्या गाण्यात ही बाब अधिक गंभीर होते. तेथे आभाळाची गडगड आणि पेरणाऱ्या बाईच्या उरातील धडधड एकत्र ऐकू येतात. नादमाधुर्य म्हणून या जोडीचे कौतुक करून थांबणे म्हणजे अर्ध्यावर थांबणे होय. कोरडवाहू मुलखात मृगाच्या पहिल्या सरींवर पेरावे की ओल खोल जाईपर्यंत थांबावे, हा वर्षाचा सर्वांत मोठा निर्णय. लवकर पेरले आणि पावसाने ओढ दिली तर बी करपते व दुबार पेरणीचे संकट येते. थांबले तर हंगाम हातचा जातो. ही धडधड त्या निर्णयाची आहे. मराठीत पेरणीस आरंभ करणे यास 'चाड्यावर मूठ धरणे' असे म्हणतात. पाभरीच्या चाड्यावर, किंवा मागे दोरीने बांधलेल्या मोघ्यावर, मूठ धरणारे माणूस पुष्कळ ठिकाणी बाईच असते. बैल हाकणाऱ्याचे काम दुरून दिसते. परंतु एकरी बी किती पडावे, ते दाट होऊ नये, विरळ राहू नये, याचा निवाडा त्या मुठीतून होतो. पेरणारा म्हणून नाव मात्र कासऱ्यावाल्याचे.

खळ्यावरच्या गाण्यांविषयी थोडे सांगितले पाहिजे. कापणी, रगडणी, उपणणी ही कामे या कवितांत ज्या क्रमाने शेतात येतात त्याच क्रमाने येतात, आणि उपणणीच्या गाण्यात वाऱ्याची जी आळवणी आहे तिच्यात लाडीगोडी आहे, घाई आहे, थोडी धमकीही आहे. उपणणाऱ्या माणसाला वारा हवा असतो तो बेताचा : मंद असला तर भुसा दाण्यांवरच पडतो, जोराचा असला तर हलके दाणेही भुशात जातात. खळ्यावर उंच उभे राहून टोपली किती तिरपी करावी व धार किती बारीक सोडावी, हे ज्याच्या मनगटाला कळते त्याची रास स्वच्छ निघते. हे श्रम आहेत यात वाद नाही, पण केवळ श्रम नाहीत. आपल्या टीकालेखनात शेतकरी स्त्रीसाठी एक विशेषण ठरून गेले आहे : 'कष्टाळू'. गौरवाच्या या शब्दाने तिची जेवढी हानी केली तेवढी निंदेनेही केली नसेल. कष्टाळू बैलही असतो.

ही अतिशयोक्ती वाटल्यास व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' (१९५५) उघडावी. बैलाची जोडी पुरी होत नाही म्हणून शेकूची बायको स्वतःच्या खांद्यावर जू घेते, हा प्रसंग मराठी कादंबरीतील अविस्मरणीय प्रसंगांपैकी एक आहे. माडगूळकरांची लेखणी संयत आहे. ते अश्रू ढाळीत नाहीत, व त्या बाईची अवहेलनाही करीत नाहीत. परंतु या प्रसंगाला मिळालेली कीर्ती पाहण्यासारखी आहे. शेतकरी स्त्री आमच्या स्मरणात राहिली ती औताला जुंपलेली. बी निवडणारी, चाडे धरणारी, ओल पाहणारी राहिली नाही. दोष कादंबरीचा म्हणता येणार नाही, तो वाचकाच्या नजरेचा आहे.

ही नजर आजची नव्हे. महाराष्ट्री प्राकृतातील हालाची गाथासप्तशती (जिची मराठी आवृत्ती स. आ. जोगळेकरांनी १९५६ साली दिली) शेतकरी स्त्रियांनी भरलेली आहे : साळीचे रान राखणाऱ्या मुली, नांगऱ्याच्या सुना, कापूस वेचणाऱ्या बायका. आरंभीच्याच एका गाथेत साळीची शेते पांढरी पडू लागली म्हणून रडणाऱ्या मुलीला तिची सखी सांगते की, तागाचा मळा आता पिवळ्या रंगाने नटलेला आहे. टीकाकार सांगतात, आणि ते बरोबर आहे, की साळ कापल्यावर प्रियकराला भेटण्याची जागा नाहीशी होणार हे तिचे दुःख, व उंच वाढलेला ताग ही नवी जागा. पण या संकेताचा सारा आधार दोन बायकांना असलेल्या पिकांच्या वेळापत्रकाचा आहे : साळ पिकते त्या सुमारास ताग फुलतो. हे ज्ञान संस्कृत-प्राकृताच्या पंडितांना शृंगारात विरघळलेले दिसले. पुढील काळच्या पंडितांना ते भक्तीत, आणि आमच्या पिढीला करुणेत. स्त्रियांच्या ओव्यांचे संग्रह साने गुरुजींपासून सरोजिनी बाबरांपर्यंत अनेकांनी केले. हेमा राईरकर व गी प्वातवाँ यांनी जात्यावरच्या ओव्या एक लाखाहून अधिक जमविल्या. त्यांचे वाचनही मुख्यतः माहेर, भाऊ आणि विठ्ठल यांभोवती फिरत आले आहे. ओवीतील शेत बहुधा भावाचे असते, हे खरे. पण त्या शेतातील पाभर कशी चालली हे सांगणारी बहीण असते.

आता दप्तराकडे वळू. २०११ च्या जनगणनेनुसार भारतातील काम करणाऱ्या स्त्रियांपैकी सुमारे ६५ टक्के शेतीत होत्या : २४ टक्के खातेदार-कसणाऱ्या व ४१ टक्के शेतमजूर. २०१५-१६ च्या कृषिगणनेत मात्र वहिवाटीच्या एकूण खात्यांपैकी स्त्रियांच्या नावावरची खाती सुमारे १४ टक्केच भरली. या दोन आकड्यांमधील अंतर केवळ दारिद्र्याने पडलेले नाही, व्याख्येने पडलेले आहे. शेतकरी तो, ज्याचे नाव सातबाऱ्यावर. आणि पीककर्ज, विमा, नुकसानभरपाई यांचे दार त्याच उताऱ्याने उघडते. महाराष्ट्राने १९९४ साली आणि केंद्राने २००५ साली मुलींना वडिलार्जित मिळकतीत समान वाटा दिला. प्रत्यक्षात भावाच्या हक्कात सही करून देणाऱ्या बहिणी किती, हे तलाठी सांगू शकेल. शेतकरी संघटनेने १९८६ साली चांदवड येथे स्त्रियांचे प्रचंड अधिवेशन भरविले व पुढे लक्ष्मीमुक्तीची चळवळ केली. तीत पुरुषांनी जमिनीचा काही भाग पत्नीच्या नावे करून द्यावयाचा होता. चळवळ थोर होती. तरीही तिच्या नावातील 'लक्ष्मी' हा शब्द विचार करावयास लावतो.

या बाबतीत सर्वांत मूलगामी प्रयत्न डॉ. एम. एस. स्वामिनाथन यांचा. त्यांनी राज्यसभेत २०१२ साली मांडलेल्या खासगी विधेयकात शेतकरी स्त्रीची व्याख्या जमिनीच्या मालकीपासून सोडविली होती, व ती शेतकरी असल्याचा दाखला ग्रामपातळीवर मिळावा अशी तरतूद होती. जो काम ओळखतो त्या गावाने साक्ष द्यावी, ही त्यामागील कल्पना. विधेयक २०१३ साली व्यपगत झाले.

अन्नाच्या सुरक्षिततेचा प्रश्न या सर्वांशी जोडलेला आहे, आणि तो बियाण्यापाशी सर्वांत स्पष्ट होतो. संकरित वाण येण्यापूर्वी घरोघर कणसे निवडणे, वाळविणे, बी राखेत घोळून कणगीत ठेवणे ही कामे बायकांची होती. कोणते बी कमी पावसात तगते, कोणत्या वालाची भाजी लवकर शिजते, कोणती ज्वारी बाळंतिणीला पचते, ही निवड पिढ्यान्‌पिढ्या त्यांनी केली. म्हणजे वाणसुधारणाच केली. अकोले तालुक्यातील कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी असे गावठी वाण जतन करून बियाण्यांची पेढी उभारली, आणि त्यांस २०२० सालचा पद्मश्री किताब मिळाला. त्या प्रसंगी वृत्तपत्रांनी काय लिहिले? शाळेत न गेलेल्या बाईचे हे केवढे कार्य, असे! अत्र्यांच्या काळापासून वाक्य बदललेले नाही.

बहिणाबाईंच्या 'घरोट' या कवितेत जात्यातून पीठ पडावे तसे पोटातून गाणे ओठी येते, असे कवयित्री सांगते. उत्स्फूर्ततेचा पुरावा म्हणून या प्रतिमेचा दाखला देण्याची प्रथा आहे. परंतु जात्यातून पीठ आपोआप पडत नाही. दाणे निवडलेले असावे लागतात, खुंटा घट्ट असावा लागतो, तळी बोथट झाली की टाकी लावून घ्यावी लागते, आणि वैरण मुठीमुठीने अशी घालावी लागते की पीठ जाडेभरडे होऊ नये व जातेही जड जाऊ नये. स्वतःच्या काव्यनिर्मितीविषयी बहिणाबाईंनी दिलेली ही उपमा ज्यांनी कधी दळले नाही त्यांना सहजतेची वाटली.