फेसी यांचें आत्मवृत्त व सैन्याचें दप्तर

ऑस्ट्रेलियन शिपाई आल्बर्ट फेसी यांचें ‘अ फॉर्च्युनेट लाइफ’ हें आत्मवृत्त १९८१ त प्रसिद्ध झालें. २५ एप्रिल १९१५ रोजीं आपण तुर्कस्तानांत गॅलिपोलीस उतरलों, असें ते लिहितात. ११ वी पलटण त्या दिवशीं उतरली खरी. परंतु दप्तराप्रमाणें फेसी तींत ७ मे रोजीं दाखल झाले. सोबत्यांनीं सांगितलेला दिवस पुढें आपलाच वाटूं लागला असावा. तारखेपुरतें दप्तरच प्रमाण. तथापि तेवढ्यावरून सारा ग्रंथ त्याज्य ठरविणें आम्हांस मान्य नाहीं. आमच्या बखरींत असा घोळ थोडा का आहे? रणांत पडलेले दोघे भाऊ, पर्थची ट्राम, विकेपिनची शेती, १९४२ त सिंगापुरास गमावलेला पुत्र, हें सारें स्वतःच अक्षरें गिरवून शिकलेल्या या गृहस्थानें लिहून ठेविलें. वाचकांनीं आपल्या प्रतींत तेवढी तारीख सुधारून घ्यावी.