पंचवीस टक्के कमी, पण कोणापेक्षा?

कुत्रा पाळणाऱ्यांच्या गप्पांमध्ये एक वाक्य हमखास ऐकू येतं: "पिल्लाला पंचवीस टक्के कमी खायला घाला, दोन वर्षं जास्त जगेल." यामागे खरा पेपर आहे आणि तो चांगलाही आहे. पण हे वाक्य त्या पेपरचं नाही. पीएचडीच्या मुलाखतीत "या पेपरवर टीका करा" म्हटलं की आपण लगेच सॅम्पल साइजवर तुटून पडतो. इथे ते करून फारसं काही हाती लागत नाही. का, ते बघू.

पेपर 2002 चा, कीली आणि सहकाऱ्यांचा, अमेरिकेतला. 48 लॅब्राडॉर पिल्लं घेतली. एकाच वेतातली, एकाच लिंगाची, साधारण सारख्या वजनाची दोन-दोन पिल्लं, अशा 24 जोड्या. आठव्या आठवड्यापासून जोडीतल्या एकाला जितकं मिळालं, त्याच्या 75 टक्केच दुसऱ्याला दिलं. हे आयुष्यभर चाललं. मध्यक आयुर्मान निघालं 11.2 आणि 13.0 वर्षं. याच कुत्र्यांच्या खुब्याच्या सांध्यांवरचा पेपर 1992 मध्येच आला होता: दोन वर्षांच्या वयात भरपूर खाणाऱ्या 24 पैकी 16 जणांच्या खुब्यात दोष, तर कमी खाणाऱ्या 24 पैकी फक्त 7 जणांच्या.

48 हा आकडा लहान वाटतो, पण जोड्यांमुळे वेताचा आणि लिंगाचा फरक बराचसा बाजूला पडतो. म्हणून "सॅम्पल लहान आहे" ही टीका इथे लंगडी ठरते.

खरा प्रश्न कंट्रोल गटाचा

कंट्रोल गटातल्या पिल्लांना सुरुवातीला हवं तितकं खाऊ दिलं होतं. सव्वातीन वर्षांनी, ती फार लठ्ठ होऊ नयेत म्हणून संशोधकांनाच त्यांच्या खाण्यावर मर्यादा घालावी लागली. तरीही पुढे 9 गुणांच्या शरीरमानाच्या मोजपट्टीवर त्यांची सरासरी 6.7 होती, आणि कमी खाणाऱ्यांची 4.6. या पट्टीवर 4 ते 5 म्हणजे योग्य बांधा.

म्हणजे "कमी खाणारी" कुत्री उपाशी नव्हती, ती ठीकठाक होती. कंट्रोल गट जाड होता. पेपर सांगतो की जास्त खायला घालू नका. योग्य बांध्याच्या पिल्लाचं जेवण आणखी कमी केलं तर काय होईल, हे त्यात तपासलेलंच नाही.

हा शब्दांचा कीस नाही. घाटकोपर स्टेशनबाहेरून कुणी बरगड्या दिसणारं, जंतांमुळे पोट फुगलेलं पिल्लू घरी आणलं आणि ते वाक्य ऐकून त्याची वाटी पाऊण केली, तर वाढीच्या वयात त्याचं नुकसानच होईल. त्याला आधी जंताचं औषध आणि पुरेसं अन्न हवं.

आणखी एक. हा अभ्यास पेट फूड बनवणाऱ्या प्युरिना कंपनीचा होता आणि दोन्ही गटांना अन्न एकच होतं. त्यामुळे "पाकिटातलं चांगलं की घरचं?" या वादात तो कुठल्याच बाजूने वापरता येत नाही.

कॅल्शियमचंही तसंच

1985 मध्ये हॉलंडमधल्या उट्रेख्त इथे हेझविंकेल आणि सहकाऱ्यांनी ग्रेट डेन पिल्लांना 1.1 टक्के आणि 3.3 टक्के कॅल्शियमचा आहार देऊन तुलना केली. जास्त कॅल्शियमवाल्यांच्या हाडांची वाढ बिघडली. लहान पिल्लांच्या आतड्याला जादा कॅल्शियम पुरेसं अडवता येत नाही.

मग कॅल्शियमचं सिरप द्यायचं की नाही? आधी वाटीत काय आहे ते सांगा. चांगल्या पपी फूडमध्ये कॅल्शियम मोजून घातलेलं असतं. वर सिरप म्हणजे अतिरेक, आणि मोठ्या जातींना त्याचा धोका जास्त. उलट बोनलेस चिकन-भातात फॉस्फरस बरंच आणि कॅल्शियम नगण्य, त्यामुळे हाडं कमकुवत होतात. दूध-पोळी किंवा पार्ले-जीवरही पिल्लू नीट वाढत नाही. सिरप तेच, पण एका घरात ते नको आणि दुसऱ्या घरात कॅल्शियमची सोय करावीच लागेल. किती, ते पशुवैद्यांनी ठरवायचं.

राहता राहिला जातीचा मुद्दा. लॅब्राडॉर आणि ग्रेट डेनचे आकडे आपल्या इंडी पिल्लाला जसेच्या तसे लावू नका. दिशा मात्र घेता येते: दर आठवड्याला वजन करा, बरगड्या हाताला सहज लागाव्यात पण लांबून उठून दिसू नयेत, आणि वाटी त्याप्रमाणे कमी-जास्त करा.

पुढचा पेपर वाचताना निष्कर्षाआधी मेथड्स उघडा आणि वहीत एक ओळ लिहा: "कंट्रोल गटाला नेमकं काय मिळालं?" ती ओळ लिहिता आली नाही, तर "इतके टक्के कमी" किंवा "इतकं जास्त" असं कुठलंही वाक्य आपल्या प्रपोजलमध्ये घालू नका.